डोळे बसलेला परग्रहवासी

हमरापूरला आमच्या शेजारच्या कारखान्यात गणपती रंगवणारे एक काका आहेत. दुपारी जेवून उठले की ते मोबाइलवर व्हिडिओ लावतात. अंतराळातली एक परदेशी मालिका कशी बनवली, त्याचे. खुद्द मालिका त्यांनी कधी बघितलीच नव्हती. "तयार माल काय बघायचा?" म्हणायचे.

व्हिडिओत रबराचा परग्रहवासी घडत असताना काका तिथल्या कारागिरांवर खेकसायचे, "कान सुकला नाय अजून, रंग कशाला मारतोस?" पण त्याला डोळे बसले की त्यांचा आवाजच बदलायचा. आमच्याकडे डोळे आखेपर्यंत मूर्ती म्हणजे नग, नंतर बाप्पा. एकदा कुणीतरी त्या डोळे बसलेल्या प्राण्याला मानेला धरून उचललं, तर काका ओरडले, "आरं, दोन हातांनी धर!"

मी त्या मालिकेचा वेडा. शेवटी हट्टाने त्यांना एक भाग दाखवला. सुरुवातीलाच नायकाने त्याच प्राण्याला यानाबाहेर ढकलून दिलं. काकांनी ब्रश खाली ठेवला.

"काका, गोष्ट आहे ती," मी म्हटलं.

"कळतंय मला. पण विसर्जनच करायचं होतं, तर वाजतगाजत तरी न्यायचा!"