चार बोटांचा ढाळ

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली त्याआधी तीन दिवस तिच्या उशाशी बसून होतो, सांगायला वेळ भरपूर होता — तरी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. समोरच्याचं तोंड दिसलं की माझी गाडी भलत्याच वाटेला लागते. हा माझा जुना स्वभाव.

मी गवंडी. चार इयत्ता शिकलो त्या निजामाच्या राज्यात, म्हणजे उर्दूत. मराठी लिहायला पुढं मुलीनं शिकवलं. तेव्हा ओळी वाकड्या झाल्या तर सांभाळून घ्या. भिंती मात्र माझ्या कधी वाकड्या झाल्या नाहीत — बघा, या वयातही हे लिहिताना छाती फुगते. सगळं घोडं इथंच पेंड खातं.

आमचं गाव जालन्याहून राजूरकडं जाणाऱ्या वाटेवर. पोलिस अॅक्शनच्या दहा-बारा वर्षं आधीची ही गोष्ट. गावाबाहेर, जिथं सगळ्यांची खळी पडायची तिथं, गावकीचं एक कोठार होतं. काळ्या दगडाचं, दोन पुरुष उंच, भिंती दोन हात जाड. बैलाच्या घाण्यावर मळलेल्या चुन्याचं काम. वर माळवद, आत कडुनिंबाचा पाला आणि राख. त्यात खायचं धान्य कुणी ठेवत नसे. तिथं फक्त बियाणं. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या ज्वारीची निवडक कणसं तिथं आणून ठेवायचं, आणि अखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दार उघडलं की ज्याची त्याला मिळायची. ज्याचं शेत बुडालं असेल त्यानं दुसऱ्याच्यातलं उचलायचं. कुणी विचारत नसे. त्या चार भिंतींत कीड म्हणून कधी शिरली नाही.

ते कोठार बांधलं आमच्या वस्तादांच्या आजानं. वस्ताद म्हणजे चांदभाई. घरात उर्दू, आमच्याशी मराठी, आणि कामात चूक झाली की दोन्हींतून शिव्या. मी त्यांच्याकडं काम शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला या कोठारापाशी नेलं, हातात पितळेचा ओळंबा दिला आणि म्हणाले, लाव. मी माळवदावरून काठी पुढं काढून दोरी सोडली. खाली दोरी पायाच्या दगडाला टेकली, वर मात्र भिंत दोरीपासून चार बोटं आत. मी मोठ्या ऐटीत ओरडलो, "वस्ताद, भिंत कललीय!"

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग मला उरलेल्या तिन्ही भिंतींना ओळंबा लावायला लावला. तिथंही चार बोटं, चार बोटं, चार बोटं. भिंत कलते तेव्हा एकीकडं कलते, चहूबाजूंनी सारखी आत कलत नाही. हा ढाळ होता, मुद्दाम दिलेला. आत भरलेलं धान्य भिंतीला बाहेर रेटतं, म्हणून भिंत वर जाता जाता आत घेत जायची. हा माझा पहिला धडा. तो ओळंबा वस्तादांनी त्याच दिवशी मला देऊन टाकला.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगतोय? कारण पुढचं सांगायचं जिवावर आलंय.

राजूरच्या वाटेवर ओढ्याला पूल बांधायचा सरकारी हुकूम निघाला. जालन्याचा एक गुत्तेदार आला. दगड लांबून आणायचा तर गाड्या, बैल, माणसं — आणि इथं घडवलेला दगड आयता उभा. कोठार जुनं झालंय, पडायला आलंय, कुणीतरी मरेल, असं त्यानं वर लिहून दिलं. गाव खवळलं. सगळ्यांनी अंगठे लावून अर्जी केली, आणि चौकशीला महसूल कचेरीचे गिर्दावर साहेब आले. भला माणूस. खळ्यावर सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की, गवंड्यानं इमारत पक्की असल्याचं दाखवलं तर मी तसं लिहीन आणि एका दगडाला कुणी हात लावणार नाही.

म्हणजे सगळं गवंड्यावर आलं. आणि गवंडी कोण? वस्ताद. पण वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता, त्यांना उजेड-अंधार तेवढा कळायचा. ते म्हणाले, "माझा नामा बघंल. त्याचा डोळा म्हंजी माझा डोळा."

नामा म्हणजे मी. गावानं सुटकेचा श्वास टाकला. नामा काय, घरचाच.

आता ऐका. मापणीच्या आदल्या दिवशी गुत्तेदार मला ओढ्यावर भेटला होता. त्यानं मला धमकी दिली नाही. मुठीत काही कोंबलंही नाही — कोंबलं असतं तर निदान तेवढी तरी बोट दाखवायला जागा राहिली असती. त्यानं फक्त विचारलं, "आणखी किती दिस चांदभाईचा नामा म्हणवून घेणार? पूल झाला तर मुख्य गवंडी तू. सगळं काम तुझ्या हाताखाली." बस. एवढंच. मी वीस वर्षं काम करत होतो आणि जिथं जाईन तिथं लोक म्हणायचे, भिंत चांगलीय, चांदभाईची दिसते. एवढ्याशा गोष्टीनं माणूस कुरतडला जातो का? मी गेलो होतो.

मी माळवदावर चढलो. काठी पुढं काढली, दोरी सोडली. खाली दोरी दगडाला टेकलेली, वर चार बोटांची फट. साहेब वर बघत होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — साहेब, हा ढाळ आहे, बाकीच्या तीन भिंती बघा. तेवढं एक वाक्य. मी म्हणालो, "भिंत कललीय."

पहिल्या दिवशी न कळून केलेली चूक मी त्या दिवशी कळून-सवरून केली. शब्दसुद्धा तेच.

वस्ताद खाली भिंतीला तळहात लावून उभे होते. त्यांनी विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "चार बोटं."

का म्हणालो? दोन म्हणालो असतो, सहा म्हणालो असतो, तर त्यांना वाटलं असतं की खरंच काही हललंय. पण हातानं मापलं तेच तोंडातून निघालं. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. साहेबांनी त्यांना विचारलं, वस्ताद, तुमचं काय म्हणणं? एका शब्दात ते मला उघडा पाडू शकत होते — आणि खरं सांगतो, पाडावं असंच मला वाटत होतं. वस्तादांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. म्हणाले, "साहब, ओळंबा उसके हात में है. मेरेकु दिखता नहीं."

साहेबांनी तिथंच लिहिलं.

पाडायला सुरुवात झाली तेव्हा सब्बल दगडावर आपटायची आणि ठिणग्या उडायच्या. चुना सुटेना. दहा माणसांनी दिवसभर घाम गाळला आणि जेमतेम एक थर निघाला. एक मजूर हसत म्हणाला, "हे पडायला आल्तं म्हणता व्हय?" कुणी हसलं नाही. लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोरी गुंडाळत बसलो.

त्या रात्री — नाही, रात्रीचं सोडा, रात्री सगळ्यांनाच पश्चात्ताप होतो. सकाळी उठलो आणि चालत भोकरदनला कचेरीत गेलो. माझी मापणी चुकली, एवढं सांगायला. ते गिर्दावर बदलून गेलेले. नव्या कारकुनानं विचारलं, काय काम आहे? मी ओसरीवर दोन दिवस बसलो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा म्हणालो, काही नाही, पाणी प्यायला थांबलो होतो. परत आलो तर गुत्तेदारानं पन्नास माणसं लावून दोन भिंती उतरवल्या होत्या. नंतर वाटलं, तोंड उघडलं असतं तरी काय झालं असतं? सही झालेला कागद गवंड्याच्या सांगण्यावरून मागं फिरतो का? पण हा माझा हिशोब मी परतीच्या वाटेवर मांडला, जाताना नव्हे.

वस्ताद रोज तिथं यायचे. बाभळीखाली बसायचे आणि घाव ऐकायचे. दिसत नसलं तरी कुठला दगड निघतोय ते आवाजावरून ओळखायचे. "आता चौकट काढून राह्यले," म्हणायचे. मी जवळ जायचो, पाणी द्यायचो. ते प्यायचे. मला एका शब्दानं बोलले नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, नाम्यानं मापलंय, बराबरच असंल. गावानंही मग तेच धरलं. माझ्यावर कुणी शंका घेतली नाही, कारण वस्तादांनी घेऊ दिली नाही.

पुढच्या वर्षी बियाणं घरोघरी उतरंडीत राहिलं. मृग लागला तेव्हा शेजारची गयाबाई मूठभर ज्वारी घेऊन आमच्या दारात आली. बायकोच्या तळहातावर ओतून म्हणाली, "बघ गं, सगळी पोकळ." बायकोनं आमच्यातली दिली. मी आत बसून ऐकत होतो, बाहेर आलो नाही. शिव्याशाप सगळ्यांनी त्या किडीला दिले.

पूल मात्र मी बांधला. मुख्य गवंडी म्हणून. पाहिजे होतं ते मिळालं आणि गोड लागेना. ओढ्याच्या दोन्ही काठांना, माती अडवायला, उंच भिंती घ्यायच्या होत्या. मातीचा रेटा धान्यासारखाच, तेव्हा ढाळ देणं भाग होतं. दुसरं कुठलं माप माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

काम झालं तेव्हा वस्तादांना बैलगाडीतून आणलं. कुणी आणलं ते ठाऊक नाही, मी नव्हतं बोलावलं. ते काठी टेकत खाली ओढ्यात उतरले आणि भिंतीवर हात फिरवत सावकाश चालत गेले. मध्येच थांबायचे. एकेका दगडावर बोटं ठेवायचे. आजाच्या हातचे दगड ते, त्यांना कळणारच. मग माझ्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "ढाळ किती दिला?"

मी म्हणालो, "चार बोटं."

ते म्हणाले, "मंग टिकंल." आणि गाडीकडं निघाले. हात द्यायला मी पुढं झालो, तर त्यांनी माझा हात धरला. नेहमीसारखाच धरला.

त्यानंतर ते पाच वर्षं होते. माझ्याबद्दल कुणी विचारलं की तेच सांगायचे — त्याचा डोळा म्हंजी माझा डोळा. मी तिथंच बसलेला असायचो आणि मान खाली घालून ऐकून घ्यायचो.

पूल टिकलाय. एवढे पावसाळे गेले, एक दगड हलला नाही. लोक म्हणतात, नामा गवंड्याचा पूल.