पुरुषाच्या हजेरीत झालेली गीझरची सर्व्हिस

सौदी अरेबियातल्या अल खफजीत उन्हाळ्यात गीझर लावावा लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. मग आम्ही उलटं करतो. गीझर बंद ठेवतो आणि आंघोळीला त्याच्यातलं पाणी घेतो, कारण घरातल्या सावलीत ते निदान कोमट तरी झालेलं असतं. उत्तरेचा वारा सुटला की हे सगळं बदलतं. तेव्हा गीझर लागतो, आणि तो लागण्याआधी कंपनीच्या देखभाल खात्याची माणसं वार्षिक सर्व्हिसला येतात. येतात म्हणजे काय करतात, ते सांगते.

माझा नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर इंजिनिअर आहे. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. त्या वर्षी नाशिकहून सासूबाई आल्या होत्या, त्यामुळे तो नसला तरी मी एकटी नव्हते. पण देखभाल खात्याच्या हिशेबात दोन बायका म्हणजेही रिकामं घर. फोन आला तो असा :

"मॅडम, गीझर का सर्व्हिस है. घर में आदमी है?"

"मैं हूँ. मेरी सास हैं."

"आदमी, मॅडम, आदमी."

घरात फक्त बायका असतील तर कामगारांनी आत यायचं नाही, असा नियम होता. नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती. मी नवऱ्याला कळवलं, तर त्यानं लगेच तोडगा काढला. "सरांना सांगतो. ते येऊन बसतील."

सर म्हणजे आमच्याच वसाहतीत राहणारे, मूळचे पुण्याचे, प्लांटमधल्या बॉयलर विभागाचे प्रमुख. त्यांच्या शब्दावर माझ्या नवऱ्याला ही नोकरी लागली होती, आणि तो शब्द त्यांनी कधी कुणाला विसरू दिला नव्हता. नवराही विसरत नव्हता. सरांचा फोन आला की हा घरातल्या घरात उभा राहून बोलायचा. मला ते पाहवत नसे.

सर आले ते इस्त्री केलेल्या ट्रॅकसूटमध्ये. सोफ्याच्या मधोमध बसले, बिनसाखरेचा चहा मागितला आणि सासूबाईंना म्हणाले, "काळजी करू नका. तिकडे डोंगराएवढे बॉयलर माझ्या हाताखाली आहेत. हे तर खेळणं."

सासूबाईंवर छाप पडली. त्यांनी चहाबरोबर चकल्याही आणल्या.

मग सुपरवायझर आला. त्याच्या अत्तराचा वास त्याच्याआधी घरात शिरला. हातात टॅब, मागे दोन कामगार, एकाच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. तिघं बाथरूममध्ये गेले. मी दाराबाहेर उभी होते. सुपरवायझरनं गीझरचा फोटो काढला. एका कामगारानं हिरवं स्टिकर चिकटवलं. सुपरवायझरनं स्टिकरचा फोटो काढला. हत्यारांच्या पिशवीची चेन शेवटपर्यंत उघडली नाही.

"खलास," तो म्हणाला आणि बाहेर येऊन टॅब सरांपुढे धरला. सरांनी बोटानं झोकात सही केली.

"सर, त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही," मी म्हणाले. "पाणी काढलं नाही. मागच्या हिवाळ्यापासून आतून आवाज येतोय."

"वहिनी," सर चकली मोडत म्हणाले, "प्रत्येक बॉयलरला आवाज असतो. आम्हाला तो ऐकूनच कळतं, उघडावा लागत नाही."

"मग ऐका ना. लावते मी."

ते हसले, सासूबाईंकडे बघून. जणू घरातलं लहान मूल काहीतरी बोललं होतं. सुपरवायझरही हसला. तोवर तो पुढच्या घराकडे निघालाही होता, कामगारांना "यल्ला, यल्ला", चला चला, करत.

मी गीझरबरोबर आलेली पुस्तिका काढून वाचली. सर्व्हिस कशी करायची ते त्यात चित्रांसकट होतं आणि त्यातलं काहीही अवघड नव्हतं. हे काम न करण्यासाठी तीन माणसं आणि एक प्रमुख लागले होते.

थंडी पडली. गीझरचा आवाज वाढला. आधी खालून खडे हलल्यासारखा यायचा, मग डाळ उतू जाताना येतो तसा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सरांनी बघितलंय ना?"

एके सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि आतून त्यांची किंकाळी आली. नळातून वाफेचा फवारा आणि उकळतं पाणी आलं होतं. उजव्या हाताचा पंजा आणि मनगट लाल झालं होतं. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग त्यांचा हात कितीतरी वेळ थंड नळाखाली धरून ठेवला. शेजारणीनं गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम लावून हात सैल बांधला. भाजणं खोल नव्हतं. पण पुढचे काही आठवडे त्यांना स्वतःची वेणी घालता येणार नव्हती.

घरी आल्यावर मी सरांना फोन केला. नवऱ्याला नाही, सरांना.

सगळं ऐकून ते म्हणाले, "आईंनी आधी थंड नळ सोडायला हवा होता. ही साधी शिस्त असते, वहिनी."

मी फोन ठेवला. कुणाबद्दल इतका तिटकारा वाटू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. रागापेक्षा ते वेगळं होतं. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो.

रात्री प्लॅटफॉर्मवरून नवऱ्याचा फोन आला. आईच्या हाताची चौकशी केली, घाबरलाही होता. आणि मग हळूच : "तू सरांना काही बोलली नाहीस ना?"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. फोनमधला आवाज त्यांना ऐकू गेला. बांधलेला हात त्यांनी मांडीवरून उचलून पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी देखभाल खात्याला फोन लावला. पुन्हा तोच प्रश्न. "घर में आदमी है?"

"आदमी नहीं है. जली हुई औरत है. भेजिए किसी को."

पलीकडे कुजबुज सुरू झाली. नियमाचं काय, असं कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, दार सताड उघडं ठेवू. मी दारात खुर्ची टाकून बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल की घरात म्हातारं माणूस आहे."

ते त्यांना मान्य करावं लागलं. भाजल्याची बातमी दवाखान्यातून कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत गेली असती तर नियमापेक्षा मोठी भानगड झाली असती.

तोच सुपरवायझर आला, तेच अत्तर. सासूबाई दारात बसलेल्या, त्यामुळे त्याला अंग चोरून आत यावं लागलं. त्यानं टॅब काढला.

"फोटो बाद में," मी म्हणाले. "पहले मेन स्विच."

पुस्तिका उघडून मी बाथरूमच्या दारात उभी राहिले. वीज तोडली का ते टेस्टर लावून दाखवायला सांगितलं. मग पाण्याची आवक बंद. गरम नळ सोडून, सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून टाकी रिकामी करायची होती. दांडी उचलेना. जास्तीचा दाब बाहेर पडायची ती एकच वाट, आणि ती क्षारानं चिकटून दगड झालेली. सुपरवायझरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं.

व्हॉल्व्हच काढावा लागला. मग खालचं झाकण, मग बोल्ट. पाण्याबरोबर चुन्यासारखा पांढरा चिखल बादलीत पडला. तापणारी कॉइल बाहेर आली तेव्हा ती कॉइल आहे हे सांगावं लागलं असतं. पांढऱ्या कवचाचा नुसता गोळा होता. टाकीला गंज चढू नये म्हणून आत एक धातूचा दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. त्याची उरली होती फक्त तार. आणि थर्मोस्टॅट चिकटलेला, म्हणून पाणी कितीही तापलं तरी वीज बंद होत नव्हती.

"मॅडम, रोज इतने घर देते हैं," एक कामगार खाली बघत म्हणाला. "सब खोलेंगे तो कैसे होगा?"

तो खरं बोलत होता. पण तेव्हा मला त्याचीही दया आली नाही. मी म्हणाले, "मग स्टिकर लावू नका." मराठीतच म्हणाले. त्याला कळलं.

व्हॉल्व्ह, कॉइल, थर्मोस्टॅट, दांडा, रबरी गॅस्केट, सगळं नवीन बसलं. टाकी पूर्ण भरून गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत मी स्विचला हात लावू दिला नाही. नंतर गीझर लावला तर काही आवाजच येईना. आम्ही दोघी उगाच कान देऊन उभ्या राहिलो.

संक्रांतीला सरांकडे सगळ्या मराठी कुटुंबांना बोलावणं होतं. नवरा घरी आला होता, त्यामुळे जाणं भाग होतं. तिळगूळ वाटून झाला, जेवणं सुरू झाली, आणि सर मोठ्यानं सांगू लागले, "या लोकांना डोक्यावर बसल्याशिवाय कळत नाही. ह्यांच्या घरचा गीझर मी उभं राहून उघडायला लावला. आत काय निघालं विचारू नका!"

नवरा ताटात बघत होता.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही होता तेव्हा तो उघडला नाही. उघडला तेव्हा तुम्ही नव्हता."

कुणीतरी खोकलं. सरांच्या पत्नी पटकन गुळाची पोळी वाढायला उठल्या. सर मात्र अजिबात वरमले नाहीत. "वहिनी फार स्पष्ट बोलतात बुवा," ते म्हणाले आणि सगळ्यांना हसायला लावलं. लोक हसलेही. त्यातल्या निम्म्यांच्या घरी ते हिरवं स्टिकर होतं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू बोलशील."

दुसऱ्या दिवशी त्यानं सकाळीच बादली भरून आईच्या आंघोळीचं पाणी काढलं आणि हात घालून बघितलं. नंतर कंगवा घेऊन तिच्यामागे बसला. वेणी वाकडी झाली. सासूबाईंनी ती सोडली नाही, दिवसभर तशीच ठेवली.

सरांशी तो आजही उभा राहूनच बोलतो.