काजवाल्या काकूंचे परदेशी सिनेमे

"भाषा तुला येत नाही, पडद्यावरच्या खालच्या ओळी तू वाचत नाहीस. मग दहा मिनिटं बोलणार काय? कपाळ?" नवऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं. हातातला खडू कापडावर तसाच थांबला होता.

"जे पाहिलं ते बोलेन," म्हणत काजवाल्या काकूंनी दातानं दोरा तोडला.

दुकानात नवरा बेततो, त्या शिवतात. पण हातानं काज करावेत ते त्यांनीच, म्हणून गल्लीनं हे नाव पाडलेलं. दर शनिवारी वाचनालयात परदेशी सिनेमा असतो. गोष्ट बाईची असली की काकू हजर. ओळींच्या मागे लागलं की बाईचे हात बघायचे राहतात, हे त्यांचं ठाम मत. एका सिनेमातली राणी त्यांना मुळीच पटली नव्हती. एवढा घेरदार झगा, आणि बसताना एकदाही सावरला नाही! मासे विकणारी बाई मात्र ओल्या बाह्यांसकट मनात बसली.

गेल्या शनिवारी घोटाळा झाला. सिनेमा संपल्यावर चर्चेत काकूंनी विचारलं, "ती बाई त्या भाडेकरूवर एवढी का चिडलेली असते?" सगळे खो खो हसले. तो तिचा नवरा होता!

"त्याच्या कोटाचं बटण पहिल्यापासून लोंबत होतं," काकू गोऱ्यामोऱ्या होऊन म्हणाल्या. "घरभर सुया, तरी तिनं लावलं नाही. मला काय माहीत नवरा आहे म्हणून!"

हसणं थांबलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आम्ही ओळी वाचत बसलो, सिनेमा तुम्ही पाहिलात. पुढच्या वेळी आधी दहा मिनिटं तुम्हीच बोला."

"आई, मी शेजारी बसून ओळी वाचून दाखवू?" मुलीनं आता तोडगा काढला.

"तू तुझा अभ्यास वाच."

कोपऱ्यात धावदोरे उसवणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली. "मग सोडलं का गं तिनं त्याला?"

"नाही आई. स्वतःला झकास कोट शिवला आणि एकटीच फिरायला गेली."

"बेस केलं!"

"आई, तू पण?" नवरा वैतागला.

"तू गप रे. सव्वीस वर्षं हिचं फुकट ऐकतोस, म्हणून तुला किंमत नाही. तिकडे लोक खुर्च्या मांडून ऐकणार आहेत."

नवऱ्यानं खडू खाली ठेवला. आवाज उतरला. "आणि पुन्हा हसले तर?"

"लग्नानंतर मी पहिली बाही उलटी जोडली, तेव्हा किती हसला होतात?"

"तीन दिवस," तो म्हणाला, आणि आठवून पुन्हा हसायलाच लागला. मुलगीही फिदीफिदी हसू लागली.

"मग? मेले का मी?"

काकूंनी मशीनवर झाकण घातलं.

"शनिवारी मी बोलणार आहे. ओळी वाचणार नाही. आई माझ्याबरोबर येतील. चारनंतर दुकान तुम्ही दोघं बघा."