कारण नसलेलं वळण

रस्त्याला वळण आलं की मुकादम त्याचं कारण सांगत. कोणी विचारो न विचारो. राजापूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ते खिडकीतून बोट दाखवत, "हा वाक पाण्यासाठी. हा आंब्याच्या कलमांसाठी, मालक हटून बसला होता. हा खाली कातळ लागला म्हणून." ज्या वळणाचं कारण त्यांना ठाऊक नसे तिथे ते गप्प होत आणि मान किंचित खाली घालत. "सरळ रस्ता कोणीपण काढील, बाय," ते मला म्हणत, "पण वाक उगाच पडत नाय."

माझे बाबा रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते आणि मुकादम त्यांच्या हाताखालची टोळी सांभाळत. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मुकादम निवृत्त झाले, पुढे बाबा गेले, तरी दर गुरुवारी संध्याकाळी पाचला ते आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसत. खुर्ची पुढे केली की म्हणत, "ती सायबांची." बाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती आणि खुर्ची मी आदल्याच दिवाळीत नवी आणली होती. तरी ते आधी तिच्याकडे पाहून रामराम करत आणि मग माझ्याकडे वळत. सुरुवातीला मला हसू येई. नंतर गुरुवारी मी त्या खुर्चीवर बसेनाशी झाले.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आइसलँडला जायचं ठरवलं. मुलगी परदेशात शिकत होती. तिने तिकडून यायचं, मी आणि माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, इकडून जायचं आणि भाड्याच्या गाडीने दक्षिण किनाऱ्यावरून सहा दिवस फिरायचं. पहिल्या दिवशी धबधबे, मग काळ्या वाळूचा किनारा, मग हिमनदी, मग बर्फाचे तुकडे तरंगणारं सरोवर, आणि त्याच रस्त्याने परत. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. यादी केल्याशिवाय माझं पाऊल घराबाहेर पडत नाही. अंतरं, मुक्काम, कपडे, औषधं, पेट्रोल पंप अशा अकरा याद्या झाल्या. मुकादमांनी चष्मा लावून त्या सगळ्या वाचल्या आणि विचारलं, "ह्यात रस्ता कुठाय गो?"

मग दर गुरुवारी लॅपटॉप पडवीत येऊ लागला. उपग्रहाच्या नकाशावर मी रस्ता मोठा करून हळूहळू पुढे सरकवायची आणि मुकादम त्याच्यावरून चालायचे. म्हणजे खरोखर चालायचे. पायरीवर त्यांचे पाय हलत. एका लांबलचक पुलाशी ते थांबले. खाली पाण्याचे दोनतीन बारीक धागे होते.

"नदी एवढीशी नि पूल केवढा. ही कधीतरी अख्खा पूल भरून येते."

मी शोधून पाहिलं. बर्फाखालचं पाणी फुटून तिथे तसे पूर येऊन गेले होते.

धबधब्यांबद्दल त्यांची एकच सूचना होती. "आधी वर बघा, मग खाली. फोटो मागाहून. पाणी एकटं नाय पडत, दगड घेऊन पडतं."

"मुकादम, तुम्हीच चला. वाटाड्या नको घ्यायला," श्रीकांत म्हणाला.

"मी कसा येऊ, जावयबापू? माझी हजेरी चुकेल."

माणूस निवृत्त होऊन सतरा वर्षं झालेला. कसली हजेरी, हे आम्ही विचारलं नाही.

चौथ्या गुरुवारी श्रीकांत कामासाठी मुंबईला होता. मी रस्ता सरकवत होते आणि मुकादमांचे पाय थांबले. पडद्यावर सपाट माळ होता. नदी नाही, टेकडी नाही, शेत नाही, घर नाही. रस्ता सरळ येत होता, मध्येच बाजूला सरून अर्धवर्तुळ काढत होता आणि पुन्हा सरळ जात होता. त्यांनी मला तीन वेळा मागे जायला लावलं. "ह्याला कारण नाय," ते म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली. मी मुलीला फोन लावला. ती हसत म्हणाली, इकडे काही खडकांत कोणीतरी राहतं असं मानतात गं, कधीकधी रस्ता त्यांना सोडून वळवतात.

मुकादम हसले नाहीत. "शहाणी माणसं," म्हणाले. मग खुर्चीकडे बघत, "आपण नाय वळवला, सायेब."

त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते मी श्रीकांतला किंवा मुलीला सांगायचं नाही, असं कबूल करून घेतलं. आरे-वारेच्या रस्त्याला एक आतला फाटा आहे. तिथे राखणदाराचा, जागा राखणाऱ्या देवाचा, काळा दगड होता आणि रस्ता त्याला वळसा घालून जाई. रस्ता सरळ करायचा हुकूम वरून आला. सही बाबांनी केली. दगडाला पहार लावली ती मुकादमांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने. तोही त्याच टोळीत होता. दगड घळीत गेला, डांबर पडलं. आठवड्याने भर दुपारी भाऊ जेवणाचा डबा घेऊन समोरून येत होता.

"मी बघतोय, तो बघतोय. हात पण केलान त्याने. मी घमेलं उचलायला खाली बघितलं नि वर बघितलं. रस्ता मोकळा. वाक असता तर म्हटलं असतं, वाकाआड गेला. सरळ रस्त्यावर माणूस दिसेनासा होतो कसा, बाय?"

शोधाशोध झाली, विहिरी पाहिल्या, पोलिस आले. डबा तेवढा मिळाला, रस्त्याच्या मधोमध नीट ठेवलेला. भात अजून गरम होता. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. बाबा बरेच दिवस नीट जेवत नव्हते, एवढं मला आठवतं.

हे सगळं सांगून झाल्यावर पुढच्या रविवारी मुकादम मला तिथे घेऊन गेले. डांबरी रस्ता सरळ होता. बाजूच्या गवतातून जुन्या वळणाची वाट जात होती, एका माणसापुरती रुंद, कोयतीने साफ केलेली. बेचाळीस वर्षं ते ती रोज राखत होते. "सरळ रस्त्यातून तो गेला. यायचा झाला तर वाकातूनच येईल. त्याला वाट नको?"

आम्ही बोलत असताना गुरं घरी चालली होती. सरळ तुकडा आला तशी ती डांबर सोडून एकामागून एक त्या वाटेला लागली, अर्धवर्तुळ चालली आणि पुन्हा रस्त्यावर आली. त्यांना कोणी हाकत नव्हतं. दगड हलवला तेव्हा त्यांतलं एकही जनावर जन्मलेलं नव्हतं.

आमच्या नकाशात हिमनदी शेवटाकडे आली. मी समजावलं की ही बर्फाची नदी फार हळू सरकते, आणि वरच्या बाजूला काही आत पडलं तर ते कित्येक वर्षांनी खालच्या टोकाला बाहेर येतं. मुकादम पायरीवरून उठून उभे राहिले.

"किती वर्षांनी? नि जसं गेलं तसंच येतं?"

"बघून सांगते."

"पुस्तकातलं नको. तिथल्या माणसाला विचार."

मी बारावी यादी केली. तिच्यात तो एकच प्रश्न होता.

सहल यादीप्रमाणे झाली. धबधब्यांपाशी आम्ही आधी वर पाहिलं. कारण नसलेल्या त्या वळणावर मी गाडी थांबवायला लावली. माळावर एकच खडक होता, घराएवढा. मुकादमांनी शिकवल्याप्रमाणे मी खाली उतरून म्हटलं, "आम्ही तिघं आहोत, पुढे जातोय, काही मोडणार नाही." मराठीतच. गाडीत बापलेक हसत होते. सकाळपासून दरवाजा उघडू न देणारा वारा त्या क्षणी पडला, आणि मी परत येऊन बसेपर्यंत त्यांचं हसणंही थांबलं होतं. पुढे हिमनदीवर वाटाड्याला मी प्रश्न विचारला. तो म्हणाला, कुठे पडलं त्यावर आहे. काही तीसचाळीस वर्षांत येतं, काही शंभरात. पण बर्फात वय वाढत नाही.

हे मी मुकादमांना शब्दशः सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "म्हणजे वेळ होत आलीय." त्यानंतर ते वाटेवर दिवसातून दोनदा जाऊ लागले. पावसातही.

गेल्या भाद्रपदात ते तापाने पडले. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण माझा हात धरून म्हणाले, "आठ दिवस झाले, बाय. गवत किती वाढलं असेल गो. तो येईल नि वाट बंद."

"मी जाते रविवारी," मी म्हटलं.

"नक्की?"

"यादीत लिहिते."

त्यावर त्यांनी हात सोडला. सोमवारी सकाळी ते गेले.

कबूल केल्याप्रमाणे त्यानंतरच्या रविवारी मी कोयती घेऊन गेले. गवत कमरेएवढं होतं. श्रीकांतला एवढंच माहीत होतं की ही मुकादमांची वाट आहे आणि मी ती साफ करायचं कबूल केलं आहे. तो पलीकडच्या टोकाला गाडी लावून पेपर वाचत बसला. मला पाऊण तास लागला. वाट संपवून बाहेर आले तेव्हा तो गाडीबाहेर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता.

"तुझ्यामागून आला तो कोण गं?"

"माझ्यामागे कोणी नव्हतं."

"असं काय करतेस, आत्ता तर गेला. पंचविशीचा असेल. खाकी अर्धी चड्डी, पूर्वी रस्त्याच्या कामावरची माणसं घालायची तशी. माझ्याशी बोललासुद्धा."

मी रस्ता पाहिला. समोर फर्लांगभर सरळ होता आणि त्याच्यावर कोणी नव्हतं.

"काय बोलला?"

"दादा भेटला तर सांगा म्हणाला, वाट चांगली ठेवलीन त्याने." श्रीकांतने गाडीचं दार उघडलं. "मी आपलं सांगतो म्हटलं त्याला. कोण हा दादा? तुला माहीत आहे?"

"आहे," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत इथेच होता."