उशिरा जागं झालेलं यंत्र

ऑफिसात तिला सगळे आत्याबाई म्हणत. नाव साहेबांनीच पाडलेलं. अनेक यंत्रांना कामं वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरची आखणी तिची, आणि ही आखणी म्हणजे दिवसभर नुसतं जर-तर. "एखाद्या यंत्राचं उत्तर आलं नाही, आपण ते मेलं समजून काम दुसऱ्याला दिलं, आणि ते मेलंच नसेल तर?" साहेब वैतागून म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर?" सगळे हसले आणि नाव चिकटलं.

तिने त्यावर उपायही केला होता. दर वेळी काम सोपवताना त्याला चढता क्रमांक द्यायचा. जुन्या क्रमांकाचं उत्तर उशिरा उगवलं तर दारातूनच परत पाठवायचं. साहेबांनी ही तपासणी काढून टाकली. का, तर गिऱ्हाइकासमोर सॉफ्टवेअर जरा धिमं दिसत होतं. मिरवायची हौस दांडगी, दुसरं काय!

मग व्हायचं तेच झालं. एका रुग्णालयात रक्ताचा रिपोर्ट पोहोचवणारं यंत्र मधेच अडकलं. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाईंनी रिपोर्टातला आकडा दुरुस्त केला, काम दुसऱ्या यंत्राकडे गेलं, बरोबर रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचला. आणि मग ते 'मेलेलं' यंत्र जागं झालं. त्याने इमानेइतबारे जुना रिपोर्ट नव्यावर चढवला. रोग्याला भलतंच औषध गेलं. तो कसाबसा वाचला, पण आकडा चुकवल्याचा ठपका ठेवून घरी बसवलं ते प्रयोगशाळेतल्या बाईंना. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"रुग्णालयाला मानवी चूक, एवढंच लिहून द्या," साहेब म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठल्या मानवाची, तेही लिहू ना?"

"आत्याबाई, कंपनीचा विचार करा."

"तुम्ही त्या बाईंचा केलात?"

रुग्णालयाच्या बैठकीत, त्या बाईंच्या समोरच, तिने कुठलं यंत्र कधी अडलं, कधी उठलं, सगळं पडद्यावर दाखवलं. तपासणी कुणी काढली तेही सांगितलं. साहेब लालबुंद झाले. होऊ देत.

मोठे डॉक्टर त्या बाईंकडे वळून हसले. "चला, गैरसमज मिटला. उद्यापासून या कामावर."

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"गैरसमज म्हणता? घरी लेक तापाने फणफणली होती. तिच्या औषधाचा चमचा मी भरला नाही, नवऱ्याला भरायला लावला. माझाच माझ्या हातांवर विश्वास राहिला नव्हता. आणि उद्या याच हातांनी लोकांचं रक्त काढू?"