फाशीचा दोर आणि वाळूचं पोतं

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझ्या उजव्या पायाचा अंगठा ठणकतो.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. मी श्रीरामपूरला फौजदार होतो. खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास, पण मिशा मात्र पहिल्या नंबराने पास झालेल्याच्या. बेलापूरच्या बाजारात कुणी इसम फाशीच्या दोराचे तुकडे विकतोय, अशी खबर आली. बोटभर तुकडा मनगटाला बांधला की फेफरं थांबतं, कोर्टातला दावा जिंकता येतो, अवघड परीक्षाही सुटते, असं तो सांगे. खबर देणाऱ्यानेही एक बांधलेला होता.

झडतीत त्या विकणाऱ्याच्या गाठोड्यात एकोणीस तुकडे आणि पाच-सहा हात अखंड दोर मिळाला. पंचांसमोर पंचनामा करून त्याला ठाण्यात आणला. दोन तास तो नुसता 'न्हाई, न्हाई' करत होता. मग मी टेबलावर हात आपटला आणि गडी एकदम बोलता झाला. दोर खराच आहे, पुण्याकडच्या तुरुंगातल्या एका वॉर्डरने चोरून विकला, म्हणाला. वॉर्डरचं नाव, गाव, कानामागचा चामखीळ, सगळं सांगितलं. एवढं बारकाईने सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चाललो. माणसाचा ज्याच्यावर राग असतो, त्याचंही वर्णन तो बारकाईनेच करतो, हे मला तेव्हा कुठलं कळायला!

वॉर्डर नेवाशाजवळ आपल्या गावी रजेवर आला होता. निरोप मिळताच धुतलेला गणवेश घालून स्वतःच हजर झाला. पेन्शनला आठ महिने उरलेले. मी त्याला उभाच ठेवला. त्याच्याविरुद्धचा अहवाल लिहून तयार होता आणि तो घेऊन हवालदार दुपारच्या गाडीने नगरला निघणार होता. अहवाल पोचला की त्याची नोकरी, पेन्शन आणि गावातली अब्रू, तिन्ही गेलीच.

तो गयावया करेल अशी माझी अपेक्षा. त्याने फक्त दोर मागितला, बोटांतून सरकवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो दोर कदी ताणलेलाच न्हाई."

मग त्याने मला शिकवलं. इतकी वर्षं फाशी कोठडीवर काढलेली. वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली की कैद्याचं वजन आणि उंची घेतात. त्यावरून तो किती खाली पडायचा ते ठरतं. हलक्याला जास्त, जड माणसाला कमी. त्यात चूक झाली तर माणूस तडफडत राहतो, नाहीतर त्याहून वाईट होतं. आदल्या दिवशी सुपरिंटेंडंटसमोर त्याच दोराला कैद्याहून जड वाळूचं पोतं बांधून सोडतात. दोर ताणायचा तेवढा आधीच ताणला जातो आणि कच्चा असेल तर तिथेच कळतं. नंतर दोर पुन्हा कुलुपात.

"मरायचंच आहे त्याला," मी म्हणालो. "एवढा खटाटोप कशाला?"

"कोर्टानं जीव घ्याया सांगितलाय, साहेब. हाल कराया न्हाई."

त्याचं एकच मागणं होतं. अहवाल पाठवायच्या आधी त्या दोराला एक पोतं लावून पाहावं. व्हरांड्याच्या तुळईला दोर बांधला, पोत्यात वाळू भरली. वॉर्डर मला सारखं मागं व्हा म्हणत होता. पण हातचलाखी पकडायची म्हणून मी अगदी जवळ उभा. पोतं सोडलं, पहिल्याच हिसक्याला दोर तुटला आणि पोतं माझ्या पायावर.

कोठडीतला आरोपी एवढा हसला की कबुली वेगळी घ्यावी लागली नाही. "बैलाचं जुनं दावं हाय त्ये," म्हणाला. त्याच तुरुंगात त्याने सजा भोगली होती. या वॉर्डरने विडी ओढताना पकडलं म्हणून त्याची माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कापली गेली होती, त्याचा तो सूड.

मी अहवाल फाडला. तेवढ्यात आरोपी गजांमागून बोलला, "आन साहेब, तुकडं ईस हुते. एक तुमच्या खिशात गेल्ता."

हवालदार भिंतीकडे बघायला लागला. मी खिशात हात घालून विसावा तुकडा टेबलावर ठेवला. तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं होतं, दुसरं काय. दोर चोरल्याचा आळ ज्याच्यावर घेतला, त्याच्यासमोर दोरचोर म्हणून मीच उभा, तोही एका पायावर. वॉर्डर हसला नाही. पाण्याची पट्टी करून त्याने माझा अंगठा बांधला आणि एवढंच म्हणाला, "पंचनाम्यात ईस करून घ्या, साहेब."

करून घेतले, कुठून मिळाला त्याच्यासकट. वरून ठपका आला. परीक्षेत त्या वर्षीही नापास झालो.

ज्याचं मरण ठरलेलं आहे अशा गुन्हेगारासाठी हा माणूस वाळू तोलून घेत होता, आणि काहीच न केलेल्या माणसासाठी मी तो दोर साधा ओढूनही पाहिला नव्हता. पुढे फाशी होऊ शकेल असे बरेच तपास माझ्या हातून झाले. आरोपपत्रावर सही करायला बसलो की अंगठा ठणकायचा. मग मी लेखणी खाली ठेवून सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचो.