बाबांचं एक मत

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी विजय नगरच्या आमच्या गच्चीवर निवडणूक होते. वर्षभरात घरात आलेले नवे बोर्डगेम सतरंजीवर मांडायचे आणि ज्याला जो आवडला त्याच्या डब्यावर त्यानं आपली सोंगटी ठेवायची. जिंकलेला खेळ बैठकीच्या कपाटात जातो, बाकीचे मुलीच्या मैत्रिणींना. मतदार चार: मी, नवरा, मुलगी आणि माझे सासरे.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. तोफांच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस, आवाजही तसाच. खेळताना आमची अशी जुंपायची की शेजारच्या दीदींना वाटायचं, खरंच भांडण लागलं. मीही काही कमी नाही. हरले की मला राग येतो, आणि मी जिंकल्यावर ते चिडले नाहीत तर जास्तच येतो.

यंदा पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. हातपाय बरेच सावरले, जीभ मात्र अडखळत राहिली. शब्द डोक्यात असतो, ओठांवर येत नाही. दिवाळीत मसाल्याच्या बाजाराचा नवा खेळ आणला होता. त्यात ओरडून भाव करायचा, मालाची अदलाबदल करायची. बाबांचा शब्द निघेपर्यंत नवराच त्यांच्या वतीनं बोलून टाकायचा. एकदा असं झालं, दोनदा झालं, मग बाबा उठून खोलीत गेले ते पुन्हा खेळायला येईनातच. डाव मांडला की त्यांच्या बंद दाराकडे बघून माझा जीव तुटायचा.

मग मी हट्टानं दुसरा खेळ शोधून आणला. सगळ्यांनी मिळून पूल बांधायचा, आणि एक शब्दही बोलायचा नाही. बाबा आले! डाव्या हातानं तुकडे असे चटचट लावायचे की आम्ही बघत राहायचो. पलीकडच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या भाजीवाल्या भैयालासुद्धा मी त्यांचं कौतुक सांगून आले.

त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच होता. उन्हात मटार सोलता सोलता आम्ही तिघांनी पुलाच्या डब्यावर सोंगट्या ठेवल्या. बाबांनी आपली ठेवली बाजाराच्या डब्यावर.

"आजोबा, गलत डब्बा!" मुलगी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. चूक नव्हती.

"काहून बाबा?" मी तडकलेच. एवढा शोधून आणलेला खेळ! "पूल नाही आवडला?"

"आवडला." मग बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले. "पण... भांडता... येत नाही."

आधी मला राग आला, आणि मग अभिमान वाटला. आम्ही सोपं शोधून दिलं होतं, या माणसाला सोपं नकोच होतं!

"चलो," मी म्हटलं, "आत्ताच मांडते बाजार."

मला हळदीचा पत्ता हवा होता, तो बाबांकडे. "काय घ्याल?" मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, शब्द अडला. नवरा सवयीनं बोलणार, तेवढ्यात मी त्याला कोपरानं ढोसलं. "अहो, ते बोलून राहिले ना!"

सगळे थांबलो. मुलगी मटार सोलायची थांबली.

"मिरे," बाबा म्हणाले. श्वास घेतला. "सगळे."

एका हळदीला माझे सगळे मिरे! "ही तर लूट आहे, बाबा!" मी ओरडले.

"नको... घेऊ," बाबा म्हणाले आणि हळद खिशात टाकली.